अर्ध्या रेसवर गुदमरणारी स्नोमोबाइल

५ नोव्हेंबर २०२२ ला मी एक जुनी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, विकत घेतली. ती पहिल्यांदा धड चालली ४ फेब्रुवारी २०२३ ला. मधले तीन महिने ती स्लोवर छान गुरगुरायची, पूर्ण रेस दिली की कशीबशी पळायची, आणि मधल्या टप्प्यात मात्र कुणी नाक दाबून धरल्यासारखी गुदमरायची. या काळात काय काय करून पाहिलं, किती पैसे गेले, कुठे वेळ वाया गेला, ते तारखांसकट लिहून ठेवतोय. मिनेसोटा, मिशिगन, ऑन्टारिओ या भागात आपली बरीच मंडळी आहेत, आणि हिवाळ्यात घरात बसून कंटाळलेला माणूस कधी ना कधी जुन्या स्नोमोबाइलच्या जाहिराती बघायला लागतोच. त्यातल्या एखाद्याचा एक महिना वाचला तरी पुष्कळ झालं.

आम्ही डुलुथला राहतो, लेक सुपीरियरच्या काठावर. इथून निघणारा नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल जंगलातून ग्रँड मरेपर्यंत १४६ मैल जातो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या वर्गातली निम्मी मुलं सोमवारी शाळेत स्लेडच्याच गोष्टी सांगायची. (स्नोमोबाइलला इथे सगळे स्लेडच म्हणतात.) नवीन स्लेड आमच्या आवाक्यातली नव्हती. शोधता शोधता १९९८ सालचं एक मॉडेल सापडलं. दोन सिलिंडरचं, पंख्याने थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, मिकुनी कंपनीचे दोन कार्बोरेटर, किंमत ११०० डॉलर. विकणारे गृहस्थ म्हणाले, दोन हिवाळे शेडमध्येच उभी आहे. ते वाक्य मी नुसतं ऐकलं. दोन हिवाळे उभी म्हणजे दोन वर्षांचं पेट्रोल टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये बसलेलं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. असं वाक्य कानावर पडलं की घासाघीस करताना कार्बोरेटर सफाईचे पैसे वळते करून घ्या.

आधी कागदपत्रांचं सांगतो, कारण त्यात माझे पहिले दोन आठवडे गेले. मिनेसोटात स्नोमोबाइलची नोंदणी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडे असते. सगळे त्याला डीएनआर म्हणतात. जुनी गाडी घेतली तर १५ दिवसांत नाव बदलून घ्यावं लागतं. विकणाऱ्याच्या सहीचं नोंदणी कार्ड आणि विक्रीची पावती घेऊन मी काउंटरवर गेलो, तर कार्डावर सही होती पण विक्रीची तारीख नव्हती. चाळीस मैल परत जाऊन त्यांच्याकडून तारीख घालून आणली. ट्रेलवर चालवण्यासकट तीन वर्षांची नोंदणी फाइलिंग फी धरून शंभर डॉलरच्या वर गेली. दुसरी गोष्ट सुरक्षा प्रमाणपत्राची. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतं, म्हणजे मलाही. मोठ्या माणसांना हा अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो. मी तीन रात्री बसून पूर्ण केला. कंटाळा करू नका, मन लावून करा. गोठलेल्या तळ्यावर कमीत कमी ५ इंच स्वच्छ बर्फ असल्याशिवाय स्लेड न्यायची नाही, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

शनिवारी, १९ नोव्हेंबरला, शेजारच्या आजोबांच्या परवानगीने त्यांच्या मोकळ्या शेतात गाडी पहिल्यांदा चालवली. दोरी ओढल्यावर अकराव्या झटक्याला सुरू झाली. निळा धूर, टू-स्ट्रोक ऑइलचा वास. डोळे मिटले असते तर मी इचलकरंजीत मामांच्या गॅरेजच्या दारात उभा होतो. स्लेडची रेस अंगठ्याने दाबायच्या खटक्यावर असते. खटका थोडा दाबला, क्लचने आपोआप पकड घेतली, गाडी हलली. आणखी दाबला आणि आवाज एकदम खोल गेला, बुऽऽऽ करत, जणू कुणी चादर टाकली. वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला. घाबरून खटका पूर्ण दाबला तर दोन-तीन सेकंद तशीच रेंगाळली आणि मग हिसका देऊन सुटली. मुलगी कुंपणाशी हेल्मेट घालून आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. तिला म्हटलं, आज नको, पुढच्या आठवड्यात. तो पुढचा आठवडा अकरा आठवड्यांनी आला.

२६ नोव्हेंबरला जुनं पेट्रोल काढून टाकलं. हातपंपाने डब्यात घेतलं तर रंग चहासारखा, वास जुन्या रंगाच्या डब्याचा. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जुन्या गाड्या, बोटी, स्लेड आणि छोट्या इंजिनांसाठी इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल वेगळ्या पंपावर मिळतं, आणि पंपावर तशी पाटी असते. ते गॅलनमागे जवळपास डॉलरभर महाग पडलं, पण महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत मी आता तेच घालतो. नवे प्लगही टाकले, चार घेतले, २० डॉलर. गाडी तिसऱ्या झटक्याला सुरू व्हायला लागली. गुदमरणं तसंच.

३ डिसेंबरला कार्बोरेटर काढले. आयुष्यात पहिल्यांदा. लहानपणी मामांच्या गॅरेजमध्ये आरएक्स १०० चा कार्बोरेटर शेकडो वेळा खोललेला पाहिला होता. त्यातही मिकुनीच होता, त्यामुळे आतले भाग ओळखीचे वाटले. पण बघणं वेगळं आणि स्वतःच्या हातात इवलासा पितळी जेट धरणं वेगळं. प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढला. ही सवय ठेवाच, या फोटोंचं महत्त्व पुढे कळेल. पायलट जेटचं (स्लोवर पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं) भोक केसाइतकं बारीक असतं. दिव्याकडे धरून पाहिलं तर एकाचं पूर्ण बंद, दुसऱ्यात सुईच्या टोकाएवढा उजेड. जुन्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार काढली आणि हलक्या हाताने फिरवली. स्टीलची तार घालू नका, पितळ खरवडलं की भोक मोठं होतं. क्लीनरचे दोन डबे संपले, १६ डॉलर. सगळं जसं होतं तसं परत बसवलं. स्लो एकदम सुधारली, पहिल्या झटक्याला गाडी सुरू. मी आनंदाने शेतात नेली. अर्ध्या रेसवर पुन्हा तेच, बुऽऽऽ.

५ डिसेंबरला एका दुकानाला फोन केला. तासाला १४० डॉलर, आणि इतकी जुनी स्लेड फेब्रुवारीच्या आधी हातात घेता येणार नाही म्हणाले. त्यांचाही सीझन होता, राग धरण्यासारखं काही नव्हतं. पण फोन ठेवल्यावर खूप एकटं वाटलं. ११०० डॉलरची गाडी, आणि दोन दिवसांच्या मजुरीत तिच्याहून जास्त पैसे जायचे.

मग डिसेंबरच्या मध्यातलं वादळ आलं. जड, ओला बर्फ. झाडं कमानीसारखी वाकून ट्रेलवर आडवी झाली, वीज गेली. तो हिवाळा डुलुथच्या नोंदींतला सर्वांत जास्त बर्फाचा ठरला, एकूण १४०.१ इंच. घरासमोर बर्फाचे ढीग, आणि स्लेड गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली. त्या दिवसांत गाडीला हात लागला नाही, दिवसभर फावडंच हातात होतं.

२४ डिसेंबरला शेजारचे आजोबा स्वतःहून आले. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर स्लेड चालवलेले आणि दुरुस्त केलेले. मी त्यांना सांगितलं की ताशी तीस मैलांच्या आसपास गुदमरते. ते म्हणाले, "वेग मला सांगू नकोस. खटका किती दाबलेला असतो ते सांग." मला सांगता येईना. त्यांनी खिशातून निळी टेप काढली. एक पट्टी हँडलच्या मुठीवर, एक खटक्यावर, आणि पेनाने चार रेघा मारल्या: बंद, पाव, अर्धा, पाऊण. पूर्ण दाबलं की खटका मुठीला टेकतो, तिथे रेघेची गरज नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वस्तू ती टेप. या कार्बोरेटरमध्ये प्रत्येक टप्प्याला पेट्रोल देणारा भाग वेगळा असतो. बंद ते पाव रेसपर्यंत मुख्यतः पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. त्याच्या थोडं पुढे स्लाइडच्या (खटका दाबला की वर उचलणाऱ्या झडपेच्या) खालच्या कडेचा तिरपा काप. पाव ते पाऊण ही सगळी मधली पट्टी सुईची. स्लाइडला टांगलेली निमुळती सुई निडल जेटच्या नळीत वर-खाली होते आणि पेट्रोलची वाट उघडते, झाकते. पाऊणच्या पुढे मेन जेट. हे सगळं खटका किती दाबलाय त्यावर ठरतं. गाडीचा वेग चढावर वेगळा, उतारावर वेगळा, त्यातून काहीच कळत नाही. महिनाभर मी वेगाच्या काट्याकडे बघत बसलो होतो.

शेतात जाऊन टेपकडे बघत चालवली. पाव रेघेच्या जरा पुढे गुदमरायला सुरुवात, पाऊणपाशी सुटका. म्हणजे सगळं बोट सुईकडे होतं. पण मला त्या दिवशी ते पुरतं कळलं नाही, कारण मी सुया पाहिल्या होत्या. सुई किती उंचीवर लटकेल हे तिच्या खाचेत बसणारी छोटी क्लिप ठरवते, आणि दोन्हींवरच्या क्लिपा वरून तिसऱ्या खाचेत, सारख्याच.

आजोबांनी दुसरी युक्ती सांगितली. गुदमरत असतानाच चोक अर्धा ओढायचा. गाडी मोकळी झाली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी बुडाली तर जास्त होतंय. मी अर्ध्या रेघेवर अंगठा धरून डाव्या हाताने चोक ओढला, आणि गाडी अशी उचलली की मी मागे कलंडलो. पेट्रोल कमी. आजोबांनी लगेच इंजिन बंद करायला लावलं. "आता कारण सापडेपर्यंत ही लांब चालवायची नाही." टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडलं की आतली उष्णता वाढते, आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. थंडीत हवा दाट असते, त्यामुळे धोका आणखी वाढतो. मी नोव्हेंबरपासून जेवढा वेळ ती तशी चालवली होती तो सगळा आठवून पोटात गोळा आला.

म्हणून २६ तारखेला आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासलं. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानातून मीटर अनामत भरून नेता येतो, परत केला की पैसे परत. दोन्ही प्लग काढायचे, किल स्विच (इंजिन तोडायचं बटण) बंद, प्लगच्या टोप्या इंजिनच्या धातूला टेकवून ठेवायच्या, रेसचा खटका पूर्ण दाबून दोरी पाच-सहा वेळा ओढायची. एका सिलिंडरला १२० पीएसआय, दुसऱ्याला ११८. इंजिन शाबूत होतं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

२७ तारखेला मामांना व्हिडिओ कॉल केला. आमचे रात्रीचे नऊ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेआठ. मामांनी गॅरेज बंद करून दहा वर्षं झाली होती, पण टू-स्ट्रोक म्हटल्यावर चहा बाजूला ठेवला.

"मामा, चोक ओढला की उचलते. तुम्हाला काय वाटतं?"

"आरं, मग हवा खातीया ती. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर बघितलंस का?"

"वरून बघितलं, चांगलं दिसतंय."

"वरून सगळं चांगलंच दिसतंय. काढून वाकवून बघ."

या रबराला इथे बूट म्हणतात. दुसऱ्या दिवशी गॅरेजचं दार उघडं ठेवून (बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका, विषारी वायूने माणूस जातो) गाडी स्लोवर ठेवली आणि बुटाच्या भोवती क्लीनरचा हलका फवारा मारला. फवारा ज्वालाग्राही असतो, गरम सायलेन्सरपासून लांब, थोडाथोडाच मारायचा. दोन सिलिंडरपैकी एक क्लचच्या बाजूला असतो, दुसरा मॅग्नेटोच्या, म्हणजे ओढायच्या दोरीच्या बाजूला. मॅग्नेटोकडच्या बुटाच्या खालच्या बाजूला फवारा गेला की आवाज बदलायचा. काढून वाकवला, तर खालून नखभर लांबीची चीर. वाकवल्याशिवाय दिसतच नव्हती. मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "बघ."

दोन्ही बूट मागवले, टपालखर्चासह ६० डॉलर. नाताळ आणि नवीन वर्षाच्या गर्दीत नऊ दिवस लागले, ६ जानेवारीला आले. ७ तारखेला बसवले. ८ ला शेतात. स्लो आता घड्याळासारखी, रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली यायचा. आधी तो जरा वरच रेंगाळायचा, तेच हवा खाण्याचं लक्षण होतं. गुदमरणं कमी झालं होतं. पण गेलं नव्हतं.

सर्वांत खचलो तो याच दिवशी. पूर्ण अपयश आलं असतं तर विकून मोकळा झालो असतो. अर्धवट सुधारणेने माणूस अडकतो. त्या आठवड्यात रोज रात्री एकेक गोष्ट तपासून नोंदवहीत लिहिली. पेट्रोलच्या नळ्या कडक झाल्या होत्या, नळ्या आणि फिल्टर मिळून १९ डॉलर. इंधनपंपाचा संशय होता. हा पंप इंजिनच्या क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. तो बाजूला ठेवून एका लहान बाटलीतून वरून पेट्रोल सोडून पाहिलं, काही फरक नाही, म्हणजे पंप निर्दोष. रेसच्या खटक्याजवळचा सुरक्षा स्विच काही जुन्या गाड्यांत बिघडतो आणि इंजिन मध्येच तोडतो, तोही पाहिला, ठीक होता. मेन जेटचे नंबर बॉनेटच्या आतल्या तापमानाच्या तक्त्याशी जुळवले. बरोबर.

१५ जानेवारीला संक्रांत, रविवार. बायकोने तिळाच्या वड्या केल्या होत्या. मी आणि मुलगी आजोबांकडे डबा घेऊन गेलो. "गोड बोला" याचा अर्थ मुलीने त्यांना इंग्रजीत समजावून सांगितला. त्यांनी वडी खाल्ली, दुसरी उचलली आणि माझी नोंदवही मागितली. पानं उलटत विचारलं, "प्लगचा रंग कुठे लिहिलाय?" डिसेंबरमध्ये लिहिला होता: दोन्ही फिकट. (पेट्रोल कमी पडलं की प्लग फिकट, पांढरा पडतो.) "बूट बदलल्यावर?" बूट बदलल्यावर मी प्लग पाहिलेच नव्हते. मामांचं गॅरेजमधलं पहिलं वाक्य असायचं, आधी प्लग काढ. आणि नेमकं तेच राहिलं होतं.

१६ तारखेला मार्टिन ल्युथर किंग यांची सुट्टी. नवे प्लग घालून गाडी शेतात अर्ध्या रेघेवर सरळ चालवली, अगदी थोडा वेळ, आणि रेस न सोडता किल स्विच दाबला. असं केलं तरच प्लगवर त्या रेसचा रंग राहतो, स्लोवर आणून बंद केली तर राहत नाही. थंडीत हातमोजे काढून दोन्ही प्लग बर्फावर ठेवले. मॅग्नेटोकडचा छान तपकिरी, पावाच्या कडेसारखा. क्लचकडचा पांढराफटक.

ते दोन प्लग शेजारी शेजारी बघताना सगळा गुंता सुटल्यासारखा वाटला. पेट्रोल, टाकी, पंप, एअरबॉक्स हे दोन्ही सिलिंडरना सामाईक. त्यातलं काही बिघडलं असतं तर दोन्ही प्लग पांढरे झाले असते. एकच पांढरा म्हणजे दोष फक्त त्या बाजूला. आधी चिरलेल्या बुटामुळे दुसरी बाजूही फिकट होती, म्हणून मला वाटत होतं की दोष एकच आहे आणि तो दोन्हीकडे आहे. प्रत्यक्षात दोन वेगळे दोष होते, दोन वेगळ्या बाजूंना.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला. दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड काढल्या, आणि एकाचा भाग डावीकडे, दुसऱ्याचा तोच भाग उजवीकडे असं समोरासमोर मांडत गेलो. स्प्रिंग, स्प्रिंग. पत्री, पत्री. सुई, सुई. क्लिप तिसऱ्या खाचेत, दोन्हीकडे. मग वायसर. नायलॉनचा, पांढरा, शर्टाच्या बटणाहून लहान, जाडी साधारण एक मिलिमीटर. मॅग्नेटोकडच्या सुईवर तो क्लिपच्या खाली होता. क्लचकडच्या सुईवर क्लिपच्या वर.

मी पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. क्लिप स्लाइडमध्ये टेकते आणि सुई तिला लटकते. खाली वायसर असेल तर क्लिप त्याच्या जाडीइतकी वर बसते. तो वर गेला की सुई तेवढीच खाली उतरते, जणू क्लिप जवळपास एक खाच सरकवली आहे. सुई खाली म्हणजे मधल्या रेसला पेट्रोलची वाट अरुंद. स्लोवर काही फरक नाही, पूर्ण रेसवरही फारसा नाही. फक्त मध्ये.

मला वाटलं हे मीच ३ डिसेंबरला चुकवलं. फोनवरचे तेव्हाचे फोटो उघडून पाहिले, मोठे करून. वायसर तेव्हाही वरच होता. आधी कुणीतरी कधीतरी तसा बसवला असणार, आणि मी "जसं होतं तसं" अगदी काळजीपूर्वक परत बसवलं होतं. नुसत्या फोटोवर विसंबू नका एवढंच यातून सांगेन. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. मी त्याच रात्री १५ डॉलरला जुनी प्रत मागवली. तिच्यातल्या सुट्या भागांच्या चित्रात वायसर क्लिपच्या खाली स्पष्ट दाखवलेला आहे. ती पहिल्या दिवशी मागवली असती तर बाकी काही लिहावं लागलं नसतं.

मॅन्युअल यायला चार दिवस लागले. तोपर्यंत कार्बोरेटर टॉवेलवरच. आम्ही सोफ्यावर बसून जेवलो, बायको एका शब्दाने बोलली नाही. २० जानेवारीच्या रात्री सगळं बसवलं. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते बघावं लागतं. आणि ऑइलपंप केबलवर चालत असेल तर त्याची खूण जुळवायला विसरू नका. कार्बोरेटरच्या केबल हलल्या की तीही हलते, आणि ऑइल कमी पडलं तर इंजिन संपलं.

२१ तारखेला पाव रेघ ओलांडली, अर्धी ओलांडली. गुदमरली नाही. आवाज एका सुरात चढत गेला. मी शेताच्या टोकाला जाऊन वळलो आणि पुन्हा तेच केलं, मग पुन्हा.

थोडी कुरकुर उरली होती. इंजिनचा आवाज चढायचा, पण वेग मागून यायचा. हे गुदमरणं नव्हतं, कारण आवाज खाली पडत नव्हता. आजोबांनी क्लचचा पट्टा मोजायला सांगितला. रुंदी मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा कमी भरली. नवा पट्टा ७२ डॉलर, २८ जानेवारीला बसवला. पट्टा काढलेला असताना इंजिन सुरू करू नका, आणि मागचा भाग स्टँडवर उचलून ट्रॅक फिरवताना कुणालाही मागे उभं करू नका. बर्फाचे गोळे, खडे गोळीसारखे येतात. नोंदवहीतली दुरुस्तीची बेरीज २०२ डॉलर झाली.

४ फेब्रुवारीला मुलीला पुढे बसवून आजोबांच्या शेताला दोन फेऱ्या मारल्या. मग तिला आईकडे सोपवून मी आणि आजोबा आपापल्या स्लेडवर ट्रेलला लागलो. वादळात पडलेली झाडं कापून बाजूला रचलेली होती, कापलेल्या बुंध्यांचा वास येत होता. वीस मैलांवर थांबलो. किल स्विच दाबून प्लग काढले आणि हातमोज्यावर ठेवले. दोन्ही तपकिरी. फोटो काढला. तिथे रेंज नव्हती. रात्री घरी आल्यावर मामांना पाठवला.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "पावासारखा रंग आलाय. आता त्या चार रेघांची टेप काढू नको, राहू दे तशीच."

टेप अजून खटक्यावर आहे. पाऊणची रेघ जरा पुसली गेली आहे.